पुढचा धुवा, मागचा जपा



सुरुवात एका हिशेबाने करतो. आपल्यापैकी प्रत्येक जण दिवसभरात किती हवा आत घेतो? साधारण ११ हजार लिटर. आता आपल्या एअरजेट मागांच्या शेडमागे ५५ किलोवॅटचा कॉम्प्रेसर घुमत असतो. तेवढी हवा ओढायला त्याला किती वेळ लागत असेल? मिनिटभर, फार तर थोडं जास्त. तुमचा-माझा दिवसभराचा श्वास तो मिनिटात संपवतो आणि लगेच पुढचा घेतो. रात्रपाळीतही घेतो, अमावस्येची सुट्टी नसेल तर अमावस्येलाही घेतो. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आपल्या इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. त्यानंतर गाव इतकं वाढलं की आज इथे माणसांपेक्षा यंत्रंच जास्त हवा ओढत असतील.

आणि ही हवा कसली? रुईच्या तंतूंनी भरलेली, रस्त्याच्या धुळीने भरलेली, उन्हाळ्यात शिरोळ-हातकणंगल्याच्या नांगरटीची माती घेऊन आलेली. ती यंत्राच्या पोटात जशीच्या तशी जाऊ नये म्हणून तोंडाशी एक फिल्टर बसवलेला असतो. काही फिल्टर भरले की फेकायचे असतात. काही धुऊन, झटकून पुन्हा लावायचे असतात. या दुसऱ्या जातीच्या फिल्टरने पर्यावरणाचं नेमकं काय भलं होतं, हा आजचा विषय. विषय ऐकून मागच्या दोन रांगा चहाला गेल्या असतील, तर त्यांना मी दोष देणार नाही. पण ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी जन्मभर मुलांना यंत्र उघडून दाखवलं. त्यांच्या नावाने उभं राहून मोठमोठ्या गोष्टी बोलण्यापेक्षा यंत्राचं एक झाकण उघडावं, हे मला अधिक योग्य वाटतं.

आपलं गाव व्यापाऱ्यांचं. म्हणून मी तीन खाती मांडणार आहे. पहिलं कचऱ्याचं, दुसरं विजेचं, तिसरं यंत्राच्या आयुष्याचं. मग दोन अटी सांगेन आणि शेवटी उद्यापासून काय करता येईल ते. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. धुता येणाऱ्या फिल्टरचं कौतुक आपण चुकीच्या खात्यावर करतो. कचरा वाचला म्हणून टाळ्या वाजवतो; खरी कमाई मात्र पुढच्या दोन खात्यांत असते, आणि नुकसानही तिथेच होतं.

खाती उघडण्याआधी फिल्टर काम कसं करतो ते पाहू. आपण समजतो की फिल्टर म्हणजे चाळण: भोकापेक्षा मोठं ते अडलं, लहान ते गेलं. हवेचा फिल्टर असा चालत नाही. हवा तंतूंमधून वळणं घेत जाते. जड कणाला तेवढ्या चपळाईने वळता येत नाही, तो तंतूवर जाऊन आदळतो आणि चिकटतो. मधल्या आकाराचा कण हवेबरोबर वळतो, पण तंतूला घासून जाताना अडकतो. अगदी बारीक कण सरळ जातच नाही. हवेच्या रेणूंचे धक्के खात तो भरकटतो आणि भरकटता भरकटता तंतूला लागतो. म्हणून फिल्टर आपल्या छिद्रांपेक्षा बारीक धूळही पकडतो.

यातून एक उलटी गोष्ट निघते. फिल्टर सगळ्यात कच्चा असतो तो नवा असताना! अडकलेल्या धुळीचा पातळ थर बसला की तो थरच पुढची धूळ अडवू लागतो. हवेचं जाऊ द्या, पाण्याचं उदाहरण घ्या. बांगलादेशातल्या मतलब भागात रिटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. जुनी सुती साडी निदान चार पदरी दुमडून तिच्यातून पिण्याचं पाणी गाळलं, तर कॉलऱ्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. आणि त्यांना आढळलं की नव्या साडीपेक्षा जुनी साडी चांगली, कारण धुऊन धुऊन धागे विसविशीत होतात आणि छिद्रं बारीक होतात. वापरलेलं म्हणजे निकामी, हा आपला समज तिथल्या पाणी गाळणाऱ्या बायकांनी खोटा ठरवला.

मग याचा अर्थ काय? दर शनिवारी, गरज असो वा नसो, फिल्टर काढून त्यावर जोरात हवा मारणारा माणूस यंत्राची सेवा करत नाही. तो बसलेला थर उडवतो, कागद फाडतो, आणि फिल्टर पुन्हा कच्चा करून ठेवतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पहिलं खातं, कचऱ्याचं. ते लवकर आटपतो, कारण ते सगळ्यात लहान आहे.

फेकायचा फिल्टर हातात घेऊन पाहा. त्याला आपण ‘पेपर फिल्टर’ म्हणतो, पण तो नुसता कागद नाही. कागदाला रेझिन पाजून भट्टीत कडक केलेलं असतं, कडेला पॉलियुरेथेनची गादी, आत भोकं पाडलेला पत्रा, आणि हे सगळं गोंदाने एकमेकांना घट्ट धरलेलं. याचं पुढे काय करणार? रद्दीवाला घेत नाही, कारण तो कागद उरलेला नाही. भंगारवाल्याला हवा असतो फक्त पत्रा, आणि तो सुटा करायचा सोपा मार्ग म्हणजे बाकीचं जाळणं. रेझिन आणि पॉलियुरेथेन उघड्यावर जाळलं तर धूर कसला निघतो, ते सांगायला माझी गरज नाही. जाळीचा किंवा पॉलिएस्टरचा धुता येणारा फिल्टर अनेक वेळा परत लावता आला, तर हे सगळं तेवढ्या वेळा टळतं. फायदा खरा आहे, नाकारायचं कारण नाही. पण वर्षाकाठी एका कॉम्प्रेसरमागे किती कचरा वाचला? काही किलो. हा आकडा मनात ठेवा आणि दुसरं खातं उघडा.

दुसरं खातं विजेचं. फिल्टर स्वतः वीज खात नाही, पण तो हवेची वाट अडवतो, आणि अडलेली हवा ओढायला मोटरला जास्त जोर लावावा लागतो. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या मार्गदर्शक पुस्तिकेत एक साधा ठोकताळा दिलेला आहे. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी, फिल्टर चोंदल्यामुळे, २५० मिलिमीटर पाण्याइतका दाब वाया गेला की तेवढीच हवा मिळवायला सुमारे २ टक्के जास्त वीज लागते. २५० मिलिमीटर म्हणजे वीतभर आणि वर बोटभर.

दोन टक्के म्हणजे काय मोठं, असं वाटेल. हिशेब करू. ५५ किलोवॅटचा कॉम्प्रेसर वर्षात ८ हजार तास चालला. झाले ४ लाख ४० हजार युनिट. त्याचे २ टक्के ८ हजार ८०० युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर ७० हजार रुपये. आणि आपल्या देशात एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे वर्षाला ६ टन. एका कॉम्प्रेसरचे. एका चोंदलेल्या फिल्टरचे.

आता पहिल्या खात्याशी ताडून पाहा. तिकडे काही किलो कचरा, इकडे ६ टन वायू. मालकाने कौतुकाने धुता येणारा फिल्टर आणला, पण तो वेळेवर धुतला नाही, किंवा अर्धवट धुतला, किंवा ओलाच परत बसवला, तर त्याने किलोभर कचरा वाचवण्यासाठी टनावारी कोळसा जाळला. अशा मालकापेक्षा वेळच्या वेळी नवा फिल्टर आणून जुना टाकणारा शेजारी पर्यावरणाचा अधिक मित्र ठरतो. ऐकायला कडू वाटेल, पण हिशेब हेच सांगतो.

आणि उलटही तितकंच खरं आहे. फेकायचा फिल्टर महाग, म्हणून आपण तो शेवटपर्यंत ओढतो. ‘अजून महिनाभर चालेल,’ असं किती वेळा ऐकलंय आपण? धुता येणाऱ्या फिल्टरला ही कंजुषी लागत नाही. तो भरला की काढा, दुसरा जोड लावा, पहिला धुवायला टाका. बदलायला पैसे पडत नाहीत म्हणून वेळेवर बदलला जातो, वेळेवर बदलला जातो म्हणून वीज वाचते. त्याची खरी कमाई इथे आहे.

सूतगिरणीत हे तत्त्व किती पूर्णत्वाला नेलंय ते पाहा. तिथल्या आर्द्रता यंत्रणेत परतीची हवा एका मोठ्या फिरत्या जाळीच्या ढोलातून जाते. ढोल फिरत राहतो, जाळीवर रुई साचते, आणि एक नळी ती साचलेली रुई सतत ओढून घेत राहते. यंत्र बंद करावं लागत नाही, जाळी फेकावी लागत नाही, दाब फारसा वाढत नाही, आणि गोळा झालेली रुई वेस्ट म्हणून विकली जाते. सिमेंटच्या कारखान्यांत धूळ पकडणाऱ्या कापडी पिशव्या असतात, त्यांनाही चालू कामात आतून हवेचा झटका देऊन धूळ खाली पाडतात. स्वच्छ करणं हा तिथे रविवारचा उद्योग नसून यंत्राच्या रचनेचाच भाग आहे.

एक साधी गोष्ट सांगतो, जिला फिल्टरसुद्धा लागत नाही. कॉम्प्रेसरची हवा ओढायची नळी कुठे आहे? शेडच्या आत, मागांच्या गरम, रुई भरलेल्या हवेत? त्याच पुस्तिकेत म्हटलंय की आत येणारी हवा ४ अंशांनी गरम झाली की वीज १ टक्क्याने वाढते. नळी बाहेर, सावलीत, उंचावर न्या. हवा थंड मिळेल आणि रुई कमी येईल. मग फिल्टर धुवावा लागेलही, पण कमी वेळा.

तिसरं खातं यंत्राच्या आयुष्याचं. त्यासाठी शेडमधून बाहेर, शेतात जाऊ.

तीन लिटर क्षमतेचं ट्रॅक्टरचं इंजिन मिनिटाला २ हजार फेऱ्यांनी चाललं, तर तासाला जवळपास १५० घनमीटर हवा ओढतं. रोटाव्हेटर चालू आहे, जमीन सुकलेली आहे, वारा मागून येतोय, ट्रॅक्टर स्वतःच्याच धुळीत शिरलाय. फिल्टरच्या चाचण्या करणारे लोक घनमीटरमागे १ ग्रॅम धूळ धरतात. एवढ्या धुळीत समोरचं धड दिसत नाही. (गंमत म्हणजे चाचणीसाठी धूळही प्रमाणित लागते, आणि ती अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटातली म्हणून प्रसिद्ध आहे. आपल्याकडे एवढी धूळ असून तिला कोणी विचारत नाही!) तर अशा धुळीत आठ तासांत इंजिनाच्या तोंडाशी किती धूळ येईल? १ किलो २०० ग्रॅम. दिवसाला सव्वा किलोच्या आसपास.

या धुळीत क्वार्ट्झ असतो. कठीणपणाच्या मोहस् मापावर तो ७ व्या पायरीवर बसतो. लाइनरचं बीड त्याच्यापुढे मऊ. पिस्टन आणि लाइनर यांच्यामध्ये तेलाचा जो पापुद्रा असतो, त्याच्याच जाडीचे काही मायक्रॉनचे कण सगळ्यात घातक; मोठा कण त्या फटीत शिरत नाही, लहान कण तेलातून निसटून जातो, हे बरोबर मधले कण दोन्ही बाजूंना घासत राहतात. अमेरिकेत ट्रॅक्टर विकणाऱ्या फ्रँक डोनाल्डसनने १९१५ साली ट्रॅक्टरसाठी हवा गाळणारं उपकरण बनवलं आणि पुढे त्याचाच धंदा उभा केला, तो याच झिजेमुळे.

आपल्या जुन्या ट्रॅक्टरांना ऑइल बाथ असे. तुमच्यापैकी अनेकांनी तो धुतलाय. हवा मधल्या नळीतून खाली येते, डब्यातल्या तेलावर आपटते आणि उलटी वळून वर जाते. वळताना धूळ तेलात पडते. उरलेली वरच्या तेलकट जाळीत अडकते. फेकायचं काहीच नाही. तेल बदला, डबा डिझेलने धुवा, झालं. मग हाच सर्वांत पर्यावरणप्रेमी फिल्टर म्हणायचा का?

पुन्हा हिशेब करू. ऑइल बाथ चांगल्या स्थितीतही सुमारे ९५ ते ९८ टक्के धूळ अडवतो, आणि इंजिन संथ चालत असेल तर त्याहून कमी. ९५ धरले, तर आपल्या त्या १ किलो २०० ग्रॅममधले ६० ग्रॅम आत जातात. चांगला कोरडा कागदी फिल्टर ९९.९ टक्के अडवतो. आत किती जातं? सव्वा ग्रॅमच्या आत. पन्नास पटींचा फरक! इंजिनाला रीबोअर करावं लागलं, लाइनर-पिस्टन बदलावे लागले, तर ते बीड कोणीतरी वितळवलं आहे. शिरोलीच्या फाउंड्रीवाल्यांना विचारा, इंडक्शन भट्टीत एक टन बीड वितळवायला ६०० च्या आसपास युनिट लागतात. शिवाय झिजलेलं इंजिन तेल खातं, धूर सोडतं आणि तेवढ्याच कामाला जास्त डिझेल मागतं. आणि जळलेल्या लिटरमागे २ किलो ६०० ग्रॅमहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. फिल्टर वाचवून इंजिन घालवणं ही काटकसर परवडणारी नाही.

मग पुन्हा वापरायचा फिल्टर हरला? नाही. त्याला जागा चुकीची दिली होती, एवढंच.

ट्रॅक्टरच्या बॉनेटवर, नळीच्या टोकाला एक वाडगा बसवलेला पाहिला असेल. तो प्री-क्लीनर. आत शिरणारी हवा त्यात गरगर फिरते, जड धूळ बाहेरच्या भिंतीला फेकली जाते आणि वाडग्यात साठते किंवा बाहेर उडते. त्यात कागद नाही, तेल नाही, बदलण्यासारखं काही नाही. तो ८० टक्के धूळ अडवतो असं धरा. मग त्या १ किलो २०० ग्रॅमपैकी मागच्या कागदापर्यंत पोचते फक्त २४० ग्रॅम. कागद पाचपट टिकतो, इंजिनाला ९९.९ टक्क्यांची राखण मिळते, आणि भांडण मिटतं. पुढे न फेकायचा, मागे बारीक गाळणारा. पुढचा धुवा, मागचा जपा. माझं सगळं व्याख्यान या चार शब्दांत आहे. बाकीचे शब्द संयोजकांनी तासभर दिला म्हणून.

घरी गेल्यावर एसीचं पुढचं झाकण उघडून बघा. आत नायलॉनची जाळी आहे, धुण्यासाठीच दिलेली. तिच्यामागे तांब्या-ॲल्युमिनियमची थंड कॉइल. तिथेही तत्त्व तेच: पुढचं धुवा, मागचं जपा. महिनोन्‌महिने ती जाळी न धुणारे आपण जगाला हवामान बदलावर व्याख्यानं देतो!

आता दोन अटी.

पहिली अट: धुतलेलं पाणी आणि काढलेलं तेल जातं कुठे? आपल्या गावाला पंचगंगा नदीबद्दल मी काय सांगावं? ऑइल बाथमधलं काळं तेल २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत मोडतं. ते बांधावर ओतलं, गटारात सोडलं, तर आपण हवेचं ओझं नदीच्या डोक्यावर टाकलं, एवढंच झालं. रुईचा फिल्टर आधी कोरडाच व्हॅक्यूमने साफ करा. बरेचदा पाणी लागतच नाही. लागलं तर सौम्य साबण, कमी दाबाचं पाणी, आणि सावलीत पूर्ण वाळेपर्यंत थांबा. त्यासाठी जोडीला दुसरा फिल्टर हवा. ज्या कारखान्यात एकच जोड आहे, तिथे फिल्टर ओलाच चढणार, हे मनुष्यस्वभावाला धरून आहे.

दुसरी अट: जिथे पुन्हा वापरू नये तिथे वापरू नका. शस्त्रक्रियागृहातला हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. तो धुवायचा नसतो. ट्रॅक्टरच्या कोरड्या फिल्टरमध्ये आत एक छोटा ‘सेफ्टी’ असतो. तोही साफ करायचा नसतो, बदलायचा असतो. बाहेरचा कागदही टायरवर आपटून झटकू नका, त्याच्या घड्या फाटतात. हवा मारायची तर आतून बाहेर, कमी दाबाने. काटकसर म्हणजे प्रत्येक गोष्ट पुन्हा वापरणं नव्हे. काय पुन्हा वापरायचं आणि काय नाही, हे ओळखणं म्हणजे काटकसर.

मग भरला कधी हे ओळखायचं कसं? डोळ्यांनी नाही. मळका दिसतो म्हणून काढायचा तर आधी सांगितलेला चांगला थर उडवाल. स्वच्छ दिसतो म्हणून ठेवायचा तर आत चोंदलेला असेल. मोजायचं. महागडं यंत्र नको. एक पारदर्शक प्लॅस्टिकची नळी इंग्रजी ‘यू’सारखी वाकवून भिंतीला बांधा, तिच्यात रंगीत पाणी भरा, एक टोक फिल्टरनंतरच्या वाटेला जोडा, दुसरं हवेत उघडं ठेवा. मागे पट्टी चिकटवा. दोन्ही बाजूंच्या पाण्यात वीतभराचं अंतर पडलं की तुमची दोन टक्के वीज गेली. त्याआधीच, कंपनीने सांगितलेल्या मर्यादेपाशी एक रेघ मारा. पाणी रेघेपाशी आलं की जोड बदला. आलं नाही तर हात लावू नका, शनिवार असला तरी.

तर आता गोळाबेरीज. कचऱ्याच्या खात्यात धुता येणाऱ्या फिल्टरचा फायदा खरा, पण थोडा. विजेच्या खात्यात तो मोठा, पण वेळेवर धुतला तरच, नाहीतर तोटा. यंत्राच्या आयुष्याच्या खात्यात तो सर्वांत मोठा, पण पुढे बसवला तर. बारीक गाळण्याचं काम एकट्यावर टाकलं तर तोटा. आणि पाण्याचा, तेलाचा बंदोबस्त केला नाही तर तिन्ही खाती नदीच्या नावे उधार.

या गोळाबेरजेतला कळीचा शब्द ‘वेळेवर’ हा आहे. तो फिल्टर बनवणारी कंपनी पुरवत नाही. तो पुरवतो आपला फिटर, आपला मेस्त्री, ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर. आणि त्याला आपण देतो काय? मशीन बंद ठेवून फिल्टर धुवायला अर्धा तास मागितला तर म्हणतो, ‘आधी प्रॉडक्शन.’ ७० हजारांची वीज वाचवणाऱ्या माणसाला आपण अर्धा तास द्यायला कचरतो. फिल्टर धुता येणारा घेतला, पण धुणाऱ्याच्या वेळेची किंमत धरली नाही, तर आपण फक्त खर्चाची जागा बदलली.

म्हणून कारखानदारांना माझी एकच विनंती आहे. उद्या शेडमध्ये जाल तेव्हा किती मीटर निघालं हे विचारण्याआधी फिटरला विचारा, ‘पाणी कुठवर चढलंय?’ तो रेघेच्या वर म्हणाला, तर मशीन थांबवायचा अधिकार त्याचा. तो अधिकार कागदावर लिहून द्या आणि भिंतीवरच्या त्या नळीशेजारीच लावा.